पंडिता रमाबाई : दुःखाचे कारण आणि न्यायाची भाषा

पंडिता रमाबाईंच्या चरित्राची मांडणी आपल्याकडे बहुधा दोन प्रकारांनी होत आली आहे. एका मांडणीत त्या स्त्रीशिक्षणाच्या व विधवोद्धाराच्या अध्वर्यू ठरतात आणि त्यांचे धर्मांतर हा शक्य तितक्या लवकर ओलांडून जाण्याचा भाग ठरतो. दुसरी मांडणी मिशनरी परंपरेतील. तीत धर्मांतर हाच कळस असतो आणि त्यापूर्वीची पंचवीस वर्षे ही केवळ त्याची पूर्वतयारी ठरते. या दोन्ही मांडण्यांतून एक साधी गोष्ट निसटते. रमाबाई या मुळात ग्रंथवाचक होत्या. पुराण सांगणाऱ्या घरात त्या वाढल्या, ग्रंथाच्या आधारावर त्यांनी वाद केले, ग्रंथाशी पटेना म्हणून एक धर्म सोडला, आणि आयुष्याची अखेरची वर्षे एका ग्रंथाच्या भाषांतरात घालविली. दुःख, आशा आणि न्याय यांविषयी बायबलात जे काही आहे ते त्यांनी कोणत्या अनुभवाच्या उजेडात वाचले, एवढाच धागा प्रस्तुत लेखात हाती धरला आहे.

१

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण रांगेतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले म्हणून त्यांना विद्वज्जनांचा रोष पत्करावा लागला होता. पुढे घर मोडले, कर्ज झाले, आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळाच्या आवारात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करावा, उरेल ते दानधर्मात घालावे, असा क्रम होता. रमाबाई आईपाशी संस्कृत शिकल्या ते या फिरतीवरच.

१८७० नंतरच्या दुष्काळात हा क्रम तुटला. रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात या दिवसांचे जे वर्णन आहे, ते एकोणिसाव्या शतकातील भारतीय स्त्रीच्या लेखनातील अत्यंत कोरड्या आणि म्हणूनच अत्यंत भेदक वर्णनांपैकी एक मानावे लागेल. जवळचे होते नव्हते ते देवाला वाहून झाले, ब्राह्मणांना दिले गेले, अनुष्ठाने झाली. अंगमेहनतीचे काम करणे पंडिताच्या कुळाला कमीपणाचे, आणि भीक मागण्याचीही लाज. अखेर हे कुटुंब मरण्यासाठी रानात शिरले आणि पाने खाऊन राहिले. दृष्टी गमावलेले वृद्ध वडील प्रथम गेले. पाठोपाठ रायचूर येथे आई गेली. आजारी आईसाठी मागून आणलेला भाकरीचा तुकडा तिला गिळवला नाही. तिला उचलण्यास चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमाबाई. उंची कमी असल्याने खांद्याऐवजी डोक्यावर तिरडी घेऊन त्या स्मशानापर्यंत चालल्या. पुढे थोरली बहीणही गेली. उरलेली भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून ती झोपत असत.

या अनुभवातून रमाबाईंच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो देव आहे की नाही हा नव्हता. त्यांना पडलेला प्रश्न हिशेबाचा होता. शास्त्राने सांगितलेले सर्व केले. मग हे का? या प्रश्नाला परंपरेजवळ उत्तर तयार होते. पूर्वजन्मीचे कर्म.

२

१८७८ साली भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या, हे सर्वज्ञात आहे. त्याच शहरात एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांच्या हाती संस्कृत बायबल आले, आणि ते त्यांना मुळीच रुचले नाही, ही गोष्ट मात्र क्वचितच नोंदली जाते. ती भाषा त्यांना परिचित संस्कृतासारखी वाटेना आणि आशयही कळेना. धर्मशास्त्रांचे वाचन त्यांनी याच काळात, केशवचंद्र सेनांच्या प्रोत्साहनाने, अधिक खोलवर केले. स्त्रियांनी स्त्रियांना उपदेश करावा म्हणून चाललेल्या या अभ्यासातून त्यांचा निष्कर्ष उलटाच निघाला. अन्य बाबतींत परस्परांशी न जुळणारी शास्त्रे स्त्रीचे हीनत्व आणि तिला मोक्षाचा अधिकार नाही या दोन बाबतींत एकमुखी आहेत, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष सरसकट आहे, आणि संतसाहित्याच्या अभ्यासकाला तो एकांगीही वाटेल. मुक्ताबाई व जनाबाई त्यात कोठेच बसत नाहीत. परंतु रमाबाईंचे घर कीर्तनकारांचे नव्हते, पौराणिकांचे होते. त्यांच्यापुढे जो ग्रंथसंभार होता त्याविषयी त्या बोलत होत्या.

१८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारीदास मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर शूद्र गणल्या गेलेल्या जातीचा, वधू चित्पावन. आसामातील सिलचर येथे त्यांनी संसार थाटला आणि १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमेचा जन्म झाला. पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले. एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून उत्पत्तीच्या पुस्तकाचा अर्थ त्या समजून घेऊ लागल्या. परंतु पत्नीने उघडपणे ख्रिस्ती व्हावे हे मिशनच्या शाळेत शिकलेल्या बिपिनबाबूंना मानवेना. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने त्यांचा अंत झाला.

आता दुष्काळात विचारलेला प्रश्न अधिक नेमका झाला. पतीचा मृत्यू हे विधवेच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ होय, ही समजूत रमाबाईंनी पुढे १८८७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती मांडताना, सविस्तर दाखवून दिली आहे. विधवेला जे भोगावे लागते त्याचे कारण तीच. तिचे दुःख हाच तिच्या अपराधाचा पुरावा. एकदा हे मान्य केले की न्यायाची मागणी करण्यास जागाच उरत नाही, कारण जे चालले आहे तोच न्याय असतो.

माझ्या मते रमाबाईंच्या एकूण बायबलवाचनाची गुरुकिल्ली येथे आहे. जुन्या करारातील ईयोबाच्या पुस्तकात नेमका हाच वाद आहे. सर्वस्व गमावलेल्या, अंगभर फोड आलेल्या माणसाजवळ त्याचे मित्र येऊन बसतात आणि तू भोगतो आहेस त्या अर्थी तू पाप केले असले पाहिजेस, असे त्याला नाना परींनी पटवू पाहतात. तो मानीत नाही. त्याचे देवाशी भांडण चालू राहते, आणि शेवटी देव ठपका ठेवतो तो मित्रांवर, भांडणाऱ्यावर नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात तर जन्मांध मनुष्याविषयी शिष्य सरळच विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्याच्या डोळ्यांवर उपचार करतो. कर्मविपाकाच्या चौकटीत वाढलेल्या वाचकाला या नकाराचे महत्त्व युरोपीय वाचकापेक्षा कितीतरी अधिक जाणवले असणार. युरोपीय भाष्यकारासाठी तो एक चमत्कार होता. भारतातील विधवेसाठी ती आरोपातून सुटका होती.

३

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक, हंटर आयोगापुढील साक्ष हे सर्व त्याच एका वर्षातले. इंग्रजी आणि मराठी नवा करार यांचे पाठ त्यांनी येथेच एका मिशनरी बाईंकडे घेतले. नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्याशी परिचयही येथलाच. १८८३ साली वैद्यकीचे शिक्षण घ्यावे म्हणून त्या इंग्लंडला गेल्या. वाढत्या बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला.

वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीसंघाकडे त्या उतरल्या होत्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथे आत्मघाताने अंत झाला. त्यानंतर अल्पावधीत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या दोन घटनांच्या जवळिकीवरून पुष्कळ तर्क झाले आहेत, त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. लक्षणीय आहे ती लंडनजवळील फुलहॅम येथील भेट. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची तेथे भगिनींकडून शुश्रूषा होत होती. अशा स्त्रीला शासन सांगणारी शास्त्रे रमाबाईंना पाठ होती. तिची सेवा करावी असे सांगणारा ग्रंथ त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी कारण विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर पाणी भरावयास आलेली परजातीची, पाच नवरे झालेली बाई. आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी धर्मचर्चा करणारा येशू. ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही अशांची कल्पना रमाबाईंना समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपल्या मतपरिवर्तनाचा निर्णायक क्षण म्हणून त्यांनी स्वतः याच प्रसंगाकडे बोट दाखविले आहे.

तथापि बाप्तिस्मा म्हणजे शरणागती नव्हे, हे भगिनीसंघाला लवकरच कळून चुकले. सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम महाविद्यालयाच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आला. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य यांवर रमाबाई तीत तडजोड करीत नाहीत. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी घेतलेला आक्षेप त्यांना विशेष झोंबला. पुरोहितांच्या एका वर्गाच्या हातून सुटून आपण दुसऱ्या वर्गाच्या हाती जाणार नाही, असा या पत्रव्यवहाराचा एकूण सूर आहे. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या सत्सारात रमाबाईंची बाजू घेतली. पुण्यातील अनेकांना ज्या स्त्रीने धर्म सोडला म्हणून राग आला होता, तीच तिकडे नव्या धर्माच्या अधिकाऱ्यांशी भांडत होती.

४

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, तेथे तीन वर्षे व्याख्याने देत हिंडल्या आणि मदत उभी करून परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन निघाले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. सदनात धर्मोपदेश होणार नाही असे ठरले होते. परंतु रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेत मुली येऊन बसू लागल्या. केसरीने टीकेची झोड उठविली, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या प्रकरणात एकच बाजू बरोबर होती असे आज म्हणवत नाही. दरवाजा उघडा ठेवून मी प्रार्थना करीन, कोणी आले तर हाकलणार नाही, ही भूमिका प्रामाणिक होती. पण ज्या पालकांनी तटस्थतेच्या भरवशावर मुली ठेवल्या त्यांचीही फसगत झाल्याची भावना खोटी नव्हती.

याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेतही एक वळण आले. १८९१ मध्ये एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना त्यांच्या ध्यानात आले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र नाही. वादपटू पंडितेच्या वाचनाला येथून भाविक वाचनाची जोड मिळाली. अभ्यासकांना हा बदल बहुधा ऱ्हासासारखा वाटतो. सुधारक संपली आणि धर्मप्रचारक उरली, असा काहीसा सूर त्यांच्या लेखनात असतो. पुढील दहा वर्षांचा तपशील या समजुतीला फारसा आधार देत नाही.

५

१८९६-९७ च्या दुष्काळाची वार्ता आली तेव्हा रमाबाईंना स्वतःचा दुष्काळ आठवला. त्या मध्य प्रांतात गेल्या, सरकारी गरीबखाने त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि तेथे उपासमारीइतकाच तरुण मुलींच्या अब्रूचा प्रश्न आहे हे ओळखून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग होता. नव्यांना शहरात ठेवता येईना, म्हणून केडगाव येथे आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून मुक्तिसदन झाले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे बायकाच चालवीत. ज्या कुळात अंगमेहनत कमीपणाची मानल्यामुळे माणसे उपाशी मेली, त्या कुळातील मुलीने हे गाव वसविले, हा संबंध रमाबाईंना स्वतःला स्पष्ट दिसत होता. मजुरीची लाज हा आपल्या घराचा दोष होता, असे त्यांनी निःसंकोच लिहिले आहे.

केडगावच्या वास्तूंची नावे हीच त्यांच्या बायबलवाचनाची टिपणे आहेत. पतित ठरविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन. त्याच्या मागे शोमरोनची विहीर आहे. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन. यरीहोच्या रस्त्यावर बसून, लोक गप्प बसवीत असता अधिकच मोठ्याने ओरडणाऱ्या, मार्कच्या शुभवर्तमानातील आंधळ्या भिकाऱ्याचे हे नाव. मनोरमेने अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून येथील अंध स्त्रियांना ती शिकविली. पूर्वजन्मीच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून अंधत्व भोगावयाचे, त्याऐवजी बोटांनी वाचावयाचे. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचे जे प्रकरण वाचतो, त्यात दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका आणि अंधांना दृष्टी यांची घोषणा आहे. केडगावचा व्याप पाहताना ते आठवल्याशिवाय राहत नाही.

न्यायाची ही जाणीव स्वधर्मीयांपुरती थांबली नाही. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात व छावणीत स्त्रियांची जी आबाळ होत होती, तिच्याविषयी रमाबाईंनी बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती पत्रातून जाहीर तक्रार केली. त्यांच्याकडील एका मुलीचे जे झाले त्याचा जाब त्यांनी सरकारला विचारला. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि तक्रार करणारीही ख्रिस्ती होती. आमोस किंवा यशया वाचलेल्या माणसाला यात विसंगती दिसणार नाही. ते संदेष्टे परक्या राजांपेक्षा आपल्याच राजांवर अधिक कडाडले आहेत. पुण्याच्या वृत्तपत्रसृष्टीत मात्र रमाबाईंची ही बाजू फार काळ लक्षात राहिली नाही.

६

सुमारे १९०५ पासून रमाबाईंनी बायबलाच्या नव्या मराठी भाषांतरास हात घातला. मराठीत बायबल नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या छापखान्यातून नवा करार मोडीत निघाला तो १८११ साली, आणि त्यानंतर सुधारून सुधारून केलेले भाषांतर मंडळ्यांत रुळले होते. रमाबाईंचा आक्षेप दुहेरी होता. ती मराठी संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातील अशिक्षित बाईला कळत नाही. आणि संस्कृत पारिभाषिक शब्दांबरोबर त्या शब्दांमागचे तत्त्वज्ञानही मजकुरात शिरते. संस्कृताची पंडिता हा आक्षेप घेते याला महत्त्व आहे. शब्दाच्या पोटात काय असते हे तिला इतरांहून अधिक ठाऊक होते. पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकण्यास सुरुवात केली.

हा प्रश्न किती नाजूक होता, याची कल्पना एकदोन शब्दांवरून येते. आशा या अर्थी हिब्रूत येणारा तिक्वा हा शब्द दोरी या अर्थीही येतो. यहोशवाच्या पुस्तकात राहाब वेश्या आपल्या खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते तिच्यासाठी हाच शब्द आहे. ईयोब जेव्हा म्हणतो की माझे दिवस कोष्ट्याच्या धोट्याहून वेगाने सरतात आणि आशेवाचून संपतात, तेव्हा मुळात सूत संपल्याचा श्लेषही त्यात आहे. मराठी आशा या शब्दाला तृष्णेची छटा आहे. आपल्या वैराग्यपर वाङ्मयात आशा ही बहुधा सोडावयाचीच वस्तू असते. तसेच न्यायाचे. हिब्रू मिश्पात म्हणजे निवाडा आणि दीनाचा हक्कही. विधवा, पोरका आणि परका यांना मिळणे आहे ते मिळवून देणे म्हणजे मिश्पात. विधवा हा शब्द जेथे अपशकुनाचा, तेथे विधवेचा हक्क हा देवाच्या नियमशास्त्रातील विषय आहे, हे वाक्य कोणत्याही मराठीत लिहिले तरी क्रांतिकारकच ठरले असते.

येथे नारायण वामन टिळकांशी तुलना अपरिहार्य ठरते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी ख्रिस्ताला अभंगाच्या वाटेने मराठीत आणले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणापासूनची परंपरा तीच. रमाबाईंनी तो पूल मुद्दाम टाळला. वाङ्मयीन दृष्ट्या टिळकांचा मार्ग अधिक फलद्रूप झाला यात शंका नाही. रमाबाईंचे भाषांतर मुळाला इतके चिकटून राहते की मराठी वाक्याची चाल पुष्कळदा अवघडते; सोपेपणाचा आग्रह आणि शब्दनिष्ठेचा आग्रह यांत ओढाताण होते आणि बहुधा दुसऱ्याचा जय होतो. हा दोष मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की मराठी वाङ्मयेतिहासाने या प्रयत्नाची घेतलेली दखल त्याच्या आवाक्याच्या मानाने अगदीच तोकडी आहे. एका स्त्रीने मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल एकटीच्या जबाबदारीवर भाषांतरित करावे, याला जगाच्या वाङ्मयातही उदाहरणे थोडीच.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. मुक्तिसदन तिच्या हाती सोपवावयाचे ठरले होते. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती मुलगी. ईयोबाशी तुलना त्या काळच्या ख्रिस्ती लेखकांनी केली तर नवल नाही, पण ईयोबाला अखेरीस नवी मुलेबाळे मिळतात, रमाबाईंना मिळाली नाहीत. त्या मुद्रितांवर काम करीत राहिल्या. शेवटची मुद्रिते संपविण्यापुरते दहा दिवस त्यांनी देवाजवळ मागून घेतले आणि ते संपताच त्या गेल्या, अशी हकीकत केडगावात सांगतात. अशा हकीकती भक्तांच्या हातून गोल होत जातात, हे ध्यानात घेऊनच ती वाचावी. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचे निधन झाले. त्यांचे बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती छापखान्यातून बाहेर पडले. मंडळ्यांनी उपासनेसाठी बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू ठेवले. रमाबाईंच्या भाषांतराचे खिळे जुळविणाऱ्या आणि छपाई करणाऱ्या बायका केडगावातच अक्षरओळख झालेल्या होत्या. त्यांपैकी कितीतरी जणी दुष्काळात तेथे आणल्या गेलेल्या मुली होत्या.